लोकमत आणि लोकमौन

हल्ली जो तो बोलू लागला आहे, कोणाचे तोंड कोणी धरावे, अशी तक्रार आमच्या वयाच्या मंडळींत नित्य ऐकू येते. हाती भ्रमणध्वनी आला; आता देशाच्या पंतप्रधानापासून गावच्या सरपंचापर्यंत कोणाविषयीही दोन ओळी लिहून मोकळे होण्यास ना शिक्षण लागते, ना वय, ना टपालहशील. वरवर पाहता तक्रार रास्त दिसते. परंतु नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या आमच्या या दोन तालुक्यांत ज्यांनी २०२४ सालच्या निवडणुका डोळे उघडे ठेवून पाहिल्या, त्यांस निराळेच काही दिसले असेल. आवाज वाढला, हे खरे. बोलणारे वाढले, हे मात्र खरे नव्हे. जी माणसे पूर्वी एस. टी. स्थानकावर, न्हाव्याच्या दुकानात, सोसायटीच्या ओट्यावर आपले मत मोकळेपणाने सांगत, ती आता आधी इकडेतिकडे पाहतात, मग हसतात आणि मग पावसापाण्याची गोष्ट काढतात. हे मौन कोठून आले, आणि आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांच्या माजघरात ते कोणत्या वाटेने शिरले, याचा थोडा विचार वाचकांपुढे मांडावा असे वाटते.

प्रथम घडले ते सांगू. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार हे राष्ट्रवादी काँग्रेस पक्षातील आपल्या सहकाऱ्यांसह राज्य सरकारात सामील होऊन उपमुख्यमंत्री झाले आणि पक्ष दुभंगला. पुढील फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह त्यांच्या गटास दिले. शरद पवारांच्या गटास तुतारी वाजविणाऱ्या माणसाचे चिन्ह मिळाले. लोकसभेच्या निवडणुकीत बारामती मतदारसंघात एका बाजूस सुप्रिया सुळे आणि दुसऱ्या बाजूस सुनेत्रा पवार, म्हणजे नणंद आणि भावजय, अशी लढत उभी राहिली. १९६७ साली शरद पवार बारामतीतून प्रथम विधानसभेवर गेले, तेव्हापासून ज्या घराकडे पाहून या भागाने मत दिले, त्या घराच्याच दोन वाटा झाल्या. आता मतदाराने पाहावे कोणाकडे?

त्या उन्हाळ्यात मुंबई-दिल्लीचे वार्ताहर यंत्रे घेऊन गावोगाव फिरत होते. पारावरच्या मंडळींस विचारावे तर उत्तर ठरलेले: दोघेही आपलेच. याहून अधिक शब्द कोणाच्या तोंडून निघत नसे. ७ मे रोजी मतदान झाले, ४ जून रोजी मोजणी झाली. सुळे यांस ७,३२,३१२ मते पडली, सुनेत्रा पवार यांस ५,७३,९७९. अंतर १,५८,३३३ मतांचे. खुद्द बारामती विधानसभा क्षेत्रातून सुळे यांस पंचेचाळीस हजारांहून अधिक मताधिक्य मिळाले, इंदापुरातून पंचवीस हजारांच्या आसपास. मग आला नोव्हेंबर. त्याच मतदारांनी २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी मत दिले, तेव्हा अजित पवार यांस १,८१,१३२ आणि त्यांचे पुतणे युगेंद्र पवार यांस ८०,२३३ मते पडली. इंदापुरात, अवघ्या महिन्यापूर्वी भारतीय जनता पक्ष सोडून शरद पवारांच्या पक्षात आलेले हर्षवर्धन पाटील यांचा दत्तात्रय भरणे यांनी १९,४१० मतांनी पराभव केला.

साडेसहा महिन्यांत पारडे असे फिरले म्हणून कोणी लोकांस चंचल म्हणाले, कोणी विकाऊ म्हणाले. आम्हांस दोन्ही दूषणे उथळ वाटतात. मतदानानंतर कित्येकांनी आपण होऊन सांगितले की लोकसभेला ताई आणि विधानसभेला दादा, हे आम्ही प्रथमपासून मनाशी धरून होतो. म्हणजे गप्प बसलेल्या माणसापाशी मत नव्हते असे नाही. त्याच्यापाशी जे मत होते ते दोन्ही बाजूंच्या ओरडणाऱ्यांच्या मतांहून अधिक बारीक विचाराचे होते. दिल्लीस कोण पाठवावे हा एक प्रश्न आणि मुंबईस कोण पाठवावे हा दुसरा, असा भेद त्याने केला होता. परंतु ज्या भांडणात केवळ दोन बाजू मोजतात, तेथे तिसरे मत बोलून दाखविणारास दोहोंकडून मार बसतो. घड्याळवाला त्यास तुतारीचा म्हणेल, तुतारीवाला घड्याळाचा. तेव्हा तो पावसापाण्याची गोष्ट काढतो.

या मौनाची काही कारणे रोकडी आहेत, ती प्रथम बाजूला काढली पाहिजेत. शहरात नोकरी करणाऱ्या आमच्या पुतण्या-भाच्यांस ती ध्यानात येत नाहीत. ते गावकऱ्यांस भित्रे समजतात. ऊस हे पीक असे आहे की ते पक्व झाले म्हणजे वेळेवर तुटले पाहिजे. उशीर झाला की तुरा येतो, वजन घटते, पुढच्या पिकास रान मोकळे होत नाही. तोड कोणाची आधी आणि कोणाची नंतर हे लागणीच्या नोंदीवरून ठरावयाचे असते, हे कागदावर खरे. तथापि टोळी आज कोणाच्या रानात उतरवावयाची, हे सांगणारा चिटबॉयही माणूसच असतो, आणि त्याच्यावर कोणीतरी साहेब असतो. या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील आणि इंदापूरकडचे असे मोठमोठे कारखाने. कोणत्याही एका कारखान्याकडे बोट दाखवावयाचा येथे हेतू नाही. परंतु ज्याचे वर्षाचे उत्पन्न चार एकर उभ्या उसात अडकले आहे, ज्याचे पीककर्ज सोसायटीत आहे, ज्याचा मुलगा शिक्षणसंस्थेत चिकटला आहे, त्याने चारचौघांत तोंड मिटून घेतले तर त्यास भ्याड म्हणण्याचा अधिकार ज्यास पेन्शन आहे त्यास नाही.

दुसरे रोकडे कारण मतपेटीचे. कोणाचे मत कोणास गेले हे गुप्त राखण्याचे बंधन १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याने घातले आहे. व्यक्तीपुरते ते पाळले जाते. गावापुरते काय? यंत्रावरील मोजणी केंद्रवार होते आणि निकालपत्रात, ज्यास नमुना २० म्हणतात, प्रत्येक केंद्राचे आकडे उमेदवारवार छापून येतात. हजार-बाराशे मतदारांच्या गावाने कोणास किती मते दिली हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तोंडपाठ असते. कागदी मतपत्रिकांच्या काळी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची तरतूद होती. यंत्रांसाठीही तसेच एकत्र बेरजेचे साधन वापरावे, अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली. विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५५ व्या अहवालात तिला दुजोरा दिला. सरकारने ती स्वीकारली नाही. एप्रिल २०२४ मध्ये इंदापुरातील एका सभेत अजित पवारांनी विकासनिधी आणि मतयंत्राचे बटन यांची सांगड घालणारे भाषण केले, त्याविषयी आचारसंहितेच्या भंगाची तक्रार झाली, आणि निवडणूक अधिकाऱ्यांनी भंग दिसत नाही असा निर्वाळा दिला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्वाळा बरोबर असेलही. परंतु आपल्या गावचा आकडा उद्या वाचला जाणार हे ज्यास माहीत आहे, त्याच्या कानाला ते भाषण कसे लागते, हे निर्वाळ्यात येत नाही.

इतके असूनही आमचे म्हणणे असे की रोकड्या भयाने सारा उलगडा होत नाही. ज्यांचा ऊस नाही, ज्यांस निधीचे सोयरसुतक नाही, असे बारामतीच्या पेठेतील दुकानदार, वकील, डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आपल्यासारख्या घरांतील शिकलेल्या सुना आणि मुली, हेही गप्प झाले. त्यांस कोण काय करणार होते?

येथे भ्रमणध्वनीकडे वळावे लागते. प्रत्येक घरी आता चारपाच तरी ‘ग्रूप’ असतात: भावकीचा, माहेरच्या माणसांचा, गल्लीचा, शाळेतील जुन्या सोबत्यांचा, देवस्थानाचा. अशा जथ्यात दीडदोनशे माणसे असली तरी राजकारणावर लिहिणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, आणि तीच ती असतात. सकाळी सहाला त्यांचे पहिले चित्र येते, रात्री अकराला शेवटचे. बाकीचे वाचतात. वाचणारा मनात हिशेब करतो: इतके लोक असे म्हणतात, कोणी प्रतिवाद करीत नाही, अर्थी सर्वांचे हेच मत दिसते, माझेच काही निराळे आहे. शेजारच्या घरात बसून दुसराही हाच हिशेब करीत असतो. दोघांचे मत एक. परंतु प्रत्येकास वाटते की आपण एकटे. चुकून एखाद्याने धीर करून शंका विचारलीच, तर उत्तर शंकेचे येत नाही, जातीचे येते, बापजाद्यांचे येते. विचारणारी बाई असेल तर काय काय येते ते या पानांवर लिहिण्याजोगे नाही. ते उत्तर एकास दिलेले असते, परंतु शिक्षा दीडशे जणांस होते. पाहणारा प्रत्येक जण आपले न लिहिलेले वाक्य गिळून टाकतो.

एकत्र कुटुंबात यास आणखी एक धार येते. वर्तमानपत्रात कोणा अनोळखी माणसाने विरुद्ध लिहिले तर पान उलटता येते. भावकीच्या ग्रूपमध्ये लिहिणारा आपला चुलत दीर असतो, नाहीतर मोठ्या नणंदेचे यजमान. त्यांच्याशी उद्या मुंजीत एका पंक्तीस बसावयाचे असते. जावयाचे मत खोडून लेकीच्या संसारात खडा कशास टाकावा, असे म्हणून आजी-आजोबा गप्प बसतात. मोठे गप्प बसले म्हणून मधले, आणि मधले गप्प बसले म्हणून धाकटे. बारामतीच्या त्या प्रसिद्ध घराण्यातही हेच दुखणे दिसले. पत्नीस बहिणीविरुद्ध उभे केले ही चूक झाली, राजकारण घरात शिरू द्यावयास नको होते, असे अजित पवारांनी ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीरपणे म्हटले. पुढे तीन महिन्यांत काका-पुतण्याची लढत झालीच.

मौनाचा हा हिशेब शास्त्रशुद्ध रीतीने मांडण्याचा प्रयत्न जर्मनीत एलिझाबेथ नोएल-नॉयमन या विदुषीने केला. १९६५ च्या तेथील निवडणुकीपूर्वी लोकांस दोन प्रश्न महिनोन्महिने विचारले जात होते: तुम्ही मत कोणास देणार, आणि जिंकेल कोण असे तुम्हांस वाटते. पहिल्या प्रश्नात दोन मोठे पक्ष बरोबरीने चालले होते. दुसऱ्यात मात्र एकाच पक्षाकडे, ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांकडे, पारडे झुकत गेले. आणि अगदी अखेरीस मतेही तिकडे सरकली. यावरून बाईंनी १९७४ साली सिद्धान्त मांडला की, माणसास एकटे पडण्याचे भय असते. तो सभोवारच्या मताचा सतत अदमास घेतो. आपली बाजू उणी पडते असे वाटले की बोलणे कमी करतो. त्याने बोलणे कमी केले की ती बाजू आणखी उणी दिसते आणि आणखी लोक गप्प होतात. विहिरीचा जिना जसा वेटोळे घेत खाली उतरतो तसे हे उतरत जाते. त्यांनी परीक्षाही मोठी मार्मिक शोधली होती. आगगाडीचा पाच तासांचा प्रवास आहे, समोरचा अनोळखी उतारू अमुक एका वादग्रस्त विषयावर बोलू लागला, तर तुम्ही त्याच्याशी बोलाल काय? (या बाईंचा पूर्वेतिहास निर्मळ नव्हता. हिटलरच्या अमदानीत ‘दास राइश’ या सरकारी थाटाच्या साप्ताहिकात त्यांनी लेखन केले होते. लोकांची तोंडे कशी बंद होतात याचे ज्ञान त्यांस केवळ ग्रंथांतून झाले नसावे, असा टोमणा मारावासा वाटतो. परंतु त्यामुळे निरीक्षण खोटे ठरत नाही.)

त्याच्याही आधी, १९५१ च्या सुमारास, अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने याहून साधा प्रयोग केला. एका पत्र्यावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन; पहिलीएवढी कोणती ते सांगावयाचे. पोरानेही चुकू नये असा प्रश्न. परंतु खोलीतील एक विद्यार्थी सोडून बाकीचे सारे आधीच पढविलेले, आणि ते एकमुखाने चुकीची रेघ दाखवीत. एकटे असताना शंभरात एखादी चूकही न करणारी मुले अशा मंडळीत बसविली की सुमारे एकतृतीयांश वेळा डोळ्यांना दिसणारे सत्य सोडून जमावाबरोबर जात. पुढे ॲशने पढविलेल्यांपैकी एकाच मुलास खरे उत्तर देण्यास सांगितले. तेवढ्याने जमावाचा जोर घटून चौथाईवर आला. जमाव तेवढाच होता, रेघाही त्याच होत्या. फक्त खरे बोलणारा एक सोबती मिळाला.

आता कोणी म्हणेल की भ्रमणध्वनीवर न बोलणारा माणूस समोरासमोर बोलत असेल, मग बिघडले काय? अमेरिकेतील प्यू या संशोधनसंस्थेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, सरकारने चालविलेल्या गुप्त पाळतीच्या प्रश्नावर घरी-दारी बोलण्यास ८६ टक्के लोक तयार आढळले, परंतु फेसबुक-ट्विटर वापरणाऱ्यांपैकी त्यावर लिहिण्यास तयार होते ४२ टक्केच. इथवर आक्षेपकाचे म्हणणे टिकते. परंतु त्याच पाहणीत असेही निघाले की, यंत्रावरील आपल्या मित्रमंडळींचे मत आपल्याविरुद्ध आहे असे ज्यास वाटते, तो प्रत्यक्ष स्नेह्यांच्या बैठकीतही कमी बोलतो. म्हणजे तोंडावर पडलेले कुलूप तेथेच राहत नाही. ते घरी येते.

आणि भय सर्वस्वी काल्पनिक होते असेही नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले, त्या वेळी पाळलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्यांवर पसंतीची खूण केली. दोघींस अटक झाली. खूण करणारीसही! लिहिणारीच्या चुलत्याच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे आरोप मागे पडले, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलमच रद्द ठरविले. परंतु आयांनी मुलींस जे सांगावयाचे ते त्या आठवड्यातच सांगून टाकले होते. न्यायालयाचा निकाल त्या मानाने फार थोड्या आयांनी वाचला.

हे सारे नवे, यंत्राने आणलेले, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याच समाजाचे जुने दप्तर उघडून पाहावे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, शहरातील आणखी कितीतरी प्रतिष्ठित होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरला. तेथवर बोभाटा नव्हता. पुढे गोपाळराव जोशी यांनी ‘पुणे वैभव’ पत्रात हजर असलेल्यांची नावेच छापून टाकली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चहा पिण्यात पाप नाही असे मनातून मानणारे पुण्यात त्या काळीही थोडे नसावेत. पण ज्याच्या घरी मुंज अडली, श्राद्धास ब्राह्मण मिळेना, लेक माहेरी येईना, त्याने ते मानणे मनातच ठेवले. न्यायमूर्तींनी अखेर १८९२ साली प्रायश्चित्त घेतले; ते स्वतःच्या भयाने नव्हे, तर मित्रांची घरगुती अडचण पाहून, असे रमाबाईंच्या आठवणींवरून दिसते. छापलेली यादी, तिच्यावर खिळलेले शेकडो डोळे आणि घरच्या माणसांकरवी आलेला दाब: साधने तेवढी बदलली. यादी तेव्हा आठवड्याने निघे, आता मिनिटाने निघते.

आणि त्याहून जुने दप्तर पाहावयाचे तर सभापर्व आहे. मोरोपंतांनी ज्या बारामतीत राहून सारे भारत आर्यावृत्तात आणले, तेथील माणसास ही कथा सांगण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही, तो सांगतो. द्रौपदीने भर सभेत विचारले की, जो स्वतःस आधी हरला त्यास मला पणास लावण्याचा अधिकार कोठून आला? भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे. द्रोण, कृप, मोठमोठे राजे खाली पाहत राहिले. तेव्हा विकर्ण उठला. हा धृतराष्ट्राचाच मुलगा, दुर्योधनाचा धाकटा भाऊ. त्याने राजांस उत्तर देण्याविषयी पुन्हा पुन्हा विनविले, वाट पाहिली, आणि कोणी बोलेना तेव्हा स्वतःचा निर्णय कारणे देऊन सांगितला की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. येथवर सर्वांस ठाऊक असते. पुढे व्यास सांगतात की हे ऐकताच सभेत मोठा गलबला उठला. सभासद विकर्णाची वाहवा आणि शकुनीची निंदा करू लागले. म्हणजे मत त्यांच्यापाशी होते! धर्माची गती त्यांसही कळत होती. कोणीतरी आधी उठावयाची वाट होती इतकेच. मग कर्ण उठला आणि त्याने विकर्णास काय ऐकविले? तू पोर आहेस. हे वृद्ध, विचारूनही बोलत नाहीत, त्या अर्थी द्रौपदी धर्माने जिंकली गेली असे त्यांस मान्य आहे. वृद्धांच्या मौनाची कर्णाने साक्ष काढली. आणि त्या सभेतील एकाही वृद्धाने उठून सांगितले नाही की, बाबा, आमचे मौन तुझ्या बाजूने मोजू नकोस. विदुराने नंतर प्रह्लादाची कथा सांगून सभेस जागे करण्याचा यत्न केला, तोही राजांनी ऐकून घेतला आणि ते गप्प राहिले. वाहवा करणारे ते सारे गळे क्षणात कोठे गेले, हे महाभारताने सांगितलेले नाही. ते सांगण्याची गरज व्यासांस वाटली नसावी.

आम्ही पस्तीस वर्षे वर्ग चालविला. सहलीस कोठे जावयाचे असे विचारून हात वर करावयास सांगितले की मुले फळ्याकडे न पाहता आधी मागच्या बाकावरील दोन दांडग्या मुलांच्या हातांकडे पाहत. तोच प्रश्न चिठ्ठीवर विचारला की निकाल हमखास निराळा येई. म्हणून चिठ्ठीच बरी, असे मात्र आम्हांस कधी वाटले नाही. चिठ्ठीने सहलीचे गाव ठरते. ते गाव का, हे बोलण्याची सवय चिठ्ठीने लागत नाही. पुढे आम्ही असे करू लागलो की प्रथम वर्गातील सर्वांत लहान चणीच्या, सहसा न बोलणाऱ्या मुलास उठवावयाचे, आणि दांडग्यांची पाळी शेवटी. वाद मग बराच वेळ चाले. तास बुडे, मुख्याध्यापक डोकावून जात.

देशाचे लोकमतही काही अंशी असेच आहे. निवडणूक पाच वर्षांनी येणारी चिठ्ठी आहे. मे महिन्यात एक आणि नोव्हेंबरात दुसरी चिठ्ठी टाकून आमच्या लोकांनी आपला विचार नोंदविला. परंतु मधल्या काळात कालव्याचे आवर्तन, उसाचा भाव, शाळेतील शिक्षकांच्या रिकाम्या जागा, उजनीच्या फुगवट्यात जमीन गेलेल्यांच्या पोरांचे प्रश्न, यांवर जे बोलावयाचे ते बोलणार कोण? सत्ताधाऱ्यास आपले कोठे चुकते हे शेवटच्या दिवशी कळते; त्याच्याभोवती तोवर सकाळी सहाला चित्रे पाठविणारेच असतात. मौन विरोधकाचे जितके नुकसान करते, तितकेच, किंबहुना अधिक, राज्य करणाऱ्याचे करते. ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी त्या वर्षी एकेकदा अनुभविली आहे.

घरात काय करता येईल? कर्त्या पुरुषाने आपले मत पानावर बसल्याबरोबर जाहीर न करता ताक-भातापर्यंत राखून ठेवावे, एवढे तरी सहज जमण्यासारखे आहे. ग्रूपवर कोणी एकाने सभ्यपणे शंका विचारली आणि तिच्यावर धाड पडली, तर त्याच्या मताशी आपले जमो न जमो, ‘प्रश्न योग्य आहे, उत्तर द्यावे’ इतकी एक ओळ दुसऱ्या कोणी लिहावी. ॲशच्या खोलीतील तो एक सोबती म्हणजे एवढेच काम. आमचे काही स्नेही म्हणतात की ग्रूपवर राजकारणास बंदीच घालावी, म्हणजे घर शांत राहील. आम्हांस ते पटत नाही. तशी बंदी असलेल्या ग्रूपवर देवादिकांची आणि पुण्यतिथ्यांची चित्रे तेवढी उरतात, आणि घरातील मुले बोलावयास बाहेर जातात.

बारामतीस आमच्या परिचयाचे एक घर आहे. तीन भाऊ, त्यांची कुटुंबे, आई, मिळून पंधरा माणसे. लोकसभेचा निकाल लागला त्या रात्री थोरले बंधू पानावर बसून, आपल्या घरची सारी मते वाया गेली म्हणून हळहळत होते. मधल्या सूनबाई वाढता वाढता म्हणाल्या की माझे गेलेले नाही. क्षणभर कोणी बोलले नाही. मग आजीबाईंनी, ताटातली चटणी नीट करीत, आपलेही गेलेले नाही असे सांगितले. त्यावर कॉलेजात जाणारी नात बोलली, मग धाकटे बंधू. थोरल्यांस राग आला होता, पण हसू अधिक आले. आपण मे महिनाभर ज्यांच्यासमोर भाषणे करीत होतो ती माणसे काय विचार करीत होती, हे ते एकेकास विचारू लागले, आणि पाने वाळली तरी कोणी उठेना. नोव्हेंबरच्या निवडणुकीपूर्वी त्या घरात आठ दिवस रोज रात्री वाद चाले, शेजाऱ्यांसही ऐकू जाईल असा. मते दोन्हीकडे गेली असे म्हणतात. थोरल्यांनी आपले कोणास दिले, ते या खेपेस कोणास सांगितले नाही. नात त्यांच्या मागे लागली आहे.